घंगाळातले पाच तास

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे, आणि स्वभावाने मी मत्सरी आहे. आपली कहाणी सांगताना सगळेच स्वतःला गुणी म्हणवतात. मला ते जमणार नाही.

नाशिकच्या तांबट आळीत धोंडीराम कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवले. १९९१ साली चिंतामणरावांनी मला घरी आणले. ते पंचवटीत यजमानांच्या पूजा सांगत. त्यांचा लहानगा मयुरेश तर माझ्यातच बसून आंघोळ करायचा. पुढे गीझर आला आणि मी बैठकीच्या कोपऱ्यात शोभेला उभे राहिले. चिंतामणरावांच्या पत्नी उत्तराबाई मला चिंचेने घासून माझ्यात झेंडूची फुले सोडत. पाहुणे कौतुक करत. मला तेवढे पुरे होते.

२००३ साली मयुरेश सातपूरच्या एका कंपनीत लागला आणि त्याने समुद्री माशांची काचेची पेटी आणली. तिच्यात खारे पाणी, जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी होती. ती ठेवली कुठे, तर माझ्या कोपऱ्यात! मी मागच्या खोलीत गेले आणि माझ्यात कांदे आले. मी म्हटले, नव्याचे नऊ दिवस. पण वर्ष सरले तरी तिचे कौतुक सरेना. दाराच्या फटीतून तिचा निळा उजेड दिसला की माझा जळफळाट होई. मी हिरवे पडत चालले होते आणि कुणाचे लक्ष नव्हते. ती फुटावी, असेही मनात येई.

मग गच्चीवरची टाकी गळू लागली. बैठकीच्या छतातून पाणी ठिबकले, प्लास्टरचा पोपडा पेटीशेजारी पडला. भिमाजी गवंडी म्हणाला, "महाराज, ही पेटी हलवल्याबिगर कामाला हात लावता यायचा नाय."

सकाळच्या पाळीला निघताना मयुरेशने बजावले, "बाबा, सगळं प्लास्टिकच्या टबांत काढा. दुपारी मी येतोच."

मासे एका टबात गेले. दुसरा टब धुण्याचा होता. चिंतामणराव तो हातात घेऊन थबकले.

"यात धुणं भिजतं. यात हे जीव ठेवायचे? देवालासुद्धा आपण तांब्यातून पाणी घालतो."

"अहो, मयुरेशला फोन करून विचारा ना," उत्तराबाई म्हणाल्या.

"यात काय विचारायचं? तांब्यातलं पाणी शुद्ध."

त्यांनी स्वतः कांदे काढले, मला चिंचेने लख्ख घासले आणि माझ्यात ते खारे पाणी, प्रवाळ आणि कोळंबी सोडली. तेव्हा नऊ वाजले होते. काय सांगू मला काय वाटले! जिने माझी जागा घेतली, तिचा सगळा थाट माझ्या पोटात होता.

तासाभरात बोटांसारखे पसरलेले प्रवाळ मिटू लागले. कोळंबी माझ्या कडेने वर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मला राग आला. काचेत राहिलेली राणी, तांब्यात हिला कुठून करमणार? घे चढून, म्हटले. बाराच्या सुमारास ती तळाशी उताणी पडली. मला वाटले, दमली.

दोन वाजता मयुरेश आला. तो ओरडला नाही.

"बाबा, तांबं यांना विष असतं."

चिंतामणरावांनी बाही सारली आणि कोळंबी तळहातावर उचलली. ती हलली नाही.

"मी चांगल्यातलं चांगलं दिलं रे."

"आपल्यासाठी चांगलं, बाबा."

धुण्याचा टब स्वच्छ धुऊन, त्यात ताजे खारे पाणी भरून उरलेले प्रवाळ हलवले. निम्मे जगले. पंधरा दिवसांनी पेटी बैठकीत परतली. आता चिंतामणराव चिमूटभर खाद्यसुद्धा मयुरेशला विचारून टाकतात. माझ्यात पुन्हा कांदे आहेत. मला कुणी बोल लावला नाही, आणि तेच मला सलते.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तर त्याला काय मानवते ते आधी विचारा. आणि माझ्यासारखे कुणावर जळत असाल, तर तो तोरा मिरवतो आहे की जीव वाचवायला धडपडतो आहे, एवढे तरी नीट पाहा. मी पाहिले नाही. माझ्याकडे पाच तास होते.