मी दाखवलेली दर्शना

या, मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी मागच्या मंडळींना जवळ बोलावतात, भिंतीला टेकलेल्यांनाही हाक मारतात, आणि मगच चिपळ्या उचलतात. माझ्याजवळ चिपळ्या नाहीत. गोष्ट मात्र आहे, आणि ती ऐकवल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मी एक जुना टीव्ही आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, शांताबाईंच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या पडद्यावर एका कडेला हिरवी रेघ उमटली आहे, ती आता जात नाही. माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला कुणी नाव दिलं नाही, नुसता एक आकडा चिकटवला. माणसांची ओळख झाली ती इथे आल्यावर. उन्मेषला, म्हणजे शांताबाईंच्या मुलाला, शिवडीच्या गोदामात पहिली पक्की नोकरी लागली आणि त्याने मला आणलं. शांताबाईंनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, मीही या घरातला एक देवच झालो!

सकाळी शांताबाई माझ्यावर कीर्तन लावत. डाळ निवडता निवडता त्या ऐकत, आणि मीही ऐकत असे. संध्याकाळ झाली की मालिका. तेव्हा खोलीचं दार उघडंच असायचं. अख्ख्या मजल्यावरच्या बायका भाजी घेऊन येत, कुणी उंबऱ्यावर बसे, कुणी पलंगावर. "गप गो, काय बोलली ती, ऐकूच आलं नाही!" असं एकमेकींना दटावत त्या माझ्याकडे डोळे लावून बसत. एवढं कौतुक कुणाला आवडणार नाही?

त्या बायकांत शेजारच्या खोलीतली दर्शना असे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून तिच्या वेण्या शांताबाईंनी घातल्या. उन्मेषला सख्खी बहीण नाही, राखी तिचीच. शांताबाईंशी तर तिचं रोज भांडण. "काकू, मीठ विसरलात." "तूच कर उद्यापासून, महाराणी." असं चालायचं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर ती नाटकात उभी राहिली, आणि मग एक दिवस माझ्या पडद्यावर आली. नर्सचं काम होतं, वाक्य एकच. "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय." शांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पेशंट शुद्धीवर आला म्हणून बाई एवढ्या रडतात, असं म्हणून उन्मेषने चेष्टा केली.

मग तिला मोठं काम मिळालं. मालिकेतली दुष्ट थोरली जाऊ! कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली, भुवया वर, आणि ती वळली की मी ढगांचा गडगडाट करायचा. एकदा नाही. तिचा चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून, दर वेळी गडगडाट. धाकट्या जावेच्या प्रेमात सगळी मुंबई पडली आणि थोरलीला शिव्या घालू लागली. दर्शनाच्या फोनवर अनोळखी लोक वाट्टेल ते लिहीत. लालबागच्या बाजारात मासेवालीने तिला ओळखलं. "त्या गरीब गाईला छळतेस? जा, तुला नाही देणार पापलेट!" दर्शना हसत घरी आली.

"काकू, पापलेट मिळालं नाही. म्हणजे काम बरं होतंय माझं."

शांताबाईही हसल्या. पण मी भिंतीवरून बघत होतो. त्यांचं हसू पूर्वीइतकं पोटातून आलं नव्हतं. पडद्यावर थोरली आली की त्यांचाही हात आता रागाने मांडीवर आपटायचा. "मेली कशी बघते बघ!" म्हणायच्या, आणि मग जीभ चावायच्या. दर्शना चित्रीकरणाच्या सोयीसाठी गोरेगावला राहायला गेली. इथे तिचं खरं हसू कमी दिसू लागलं आणि माझ्यावरचं खोटं रोज दिसू लागलं.

उन्मेषची बायको सलोनी हिला दिवस गेले. पूर्वी एकदा मूल पोटातच गेलं होतं, म्हणून घरात सगळेच जपून होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. फुलांची वाडी, हिरवी साडी, खोली बायकांनी भरलेली. आणि मी चालू! कुणी म्हणालं बंद करा, तर चार जणी ओरडल्या, "राहू द्या हो, कालचा भाग बघायचा राहिलाय." त्या भागात थोरली जाऊ पोटुशी असलेल्या धाकटीच्या खिरीत पूड मिसळत होती. मी माझं काम चोख केलं. वाटी मोठी करून दाखवली, टिकली मोठी करून दाखवली, गडगडाट केला.

नेमकी तेव्हाच दर्शना दारात आली. सुट्टी काढून, स्वतः पहाटे उठून केलेली शेवयांची खीर डब्यात घेऊन. खोलीतल्या बायकांच्या नजरा पडद्यावरून तिच्या डब्याकडे वळल्या. कुणीतरी खुसफुसलं, "अगो बाय, खीरच आणलीन!"

दर्शनाने माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसली. "घाबरू नका गं, ती पिठूळ साखर होती. आणि खीर म्हणजे कॉर्नफ्लोअरचं पाणी." तिने वाटी भरून सलोनीपुढे धरली. सलोनीने हात पुढे केला.

शांताबाईंनी मधेच वाटी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"राहू दे आज."

"का काकू?"

"नको म्हटलं ना. दुसऱ्या वेळचं जिवावरचं आहे. उगाच कशाला."

"आई, ताईच्या हातची आहे," सलोनी म्हणाली. शांताबाईंनी दुसऱ्या कुणाचीतरी बर्फी तिच्या हातात दिली.  दर्शनाने सलोनीची ओटी भरली, गालावरून हात फिरवला, आणि शूटिंगची वेळ झाली असं सांगून निघाली. सुट्टी होती तिची! संध्याकाळी खीर मोरीत ओतली गेली. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो.

माघी गणपतीत चाळीच्या अंगणात राजारामबुवांचं कीर्तन झालं. आवाज माझ्यापर्यंत येत होता. आख्यानात बुवा सावत्र आई झाले. आवाज असा कठोर केला की अंगणातली लहान मुलं रडू लागली. शेवटी आरती झाली, बुक्का लावला. शांताबाई घरी आल्या त्या बंद असलेल्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं गं आई?" उन्मेषने विचारलं.

"बुवा मघाशी केवढे दुष्ट झाले होते रे. त्या पोराला कसं ढकललं! आणि कीर्तन संपल्यावर मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या हातचा प्रसादही खाल्ला. मग माझ्या पोरीची खीर मी का फेकली?"

 उत्तर मला ठाऊक होतं, पण बोलता येईना. बुवा आपल्या डोळ्यांदेखत धोतर सावरून सावत्र आई होतात आणि आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा बुवा होतात. मी दर्शनाला टिकलीसकट आणतो आणि टिकलीसकट नेतो. टिकली काढून चहा पिणारी दर्शना मी कधीच कुणाला दाखवली नाही.

सलोनीला मुलगा झाला, सुखरूप. बारशाचं आमंत्रण द्यायला शांताबाई स्वतः गोरेगावला गेल्या. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान दर्शनाचाच. परत येऊन त्या सलोनीला म्हणाल्या, "शूट आहे म्हणाली. आणि मी निघताना विचारलंन, काकू, बाळाच्या कानात मी बोललेलं चालेल तुम्हाला?"

बारशाच्या दिवशी दर्शनाने पाठवलेली कुंची बाळाच्या डोक्यावर होती. पाळणा सजला, गाणी झाली. मजल्यावरची नूपुर पुढे झाली, "मी सांगते कानात, मी पण आत्याच की!" शांताबाईंनी तिला हाताने थांबवलं. "नको बाय. याची आत्या आहे." नाव अवधूत ठरलं, सगळ्यांनी मोठ्याने घेतलं. कानात मात्र कुणीच सांगितलं नाही.

आता घरातले सगळे आपापल्या फोनवर मालिका बघतात. माझ्यासमोर शांताबाई तेवढ्या बसतात, मांडीवर अवधूतला घेऊन. थोरली जाऊ आली की त्या त्याला उचलून माझ्या काचेशी धरतात. "ती बघ, तुझी आत्या." पडद्यावर ती डोळे वटारून कुणाला तरी घराबाहेर काढत असते. अवधूत खुदकन हसतो, तिच्या गालावर तोंड टेकवतो, आणि काचेवर ओली खूण राहते.

परवा सलोनी म्हणाली, "आई, फोन करा ना तिला."

"करते गं. उचलते ती. छान बोलते." शांताबाई पदराने काच पुसत होत्या. "पूर्वी भांडायची माझ्याशी. आता नुसतं 'हो काकू, बरं काकू' करते."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ असेल, भिंतीवर किंवा खिशात. त्याच्यावर प्रेम करा, आवडत्या माणसांसाठी टाळ्या वाजवा, रडा सुद्धा. पण भाग संपल्यावर नावं भराभर वर सरकू लागतात ना, तेव्हा लगेच उठू नका. त्या नावांत कुठेतरी दर्शना असते. पहाटे उठून तिने खीर केली होती, आणि ती फार चांगली झाली असणार. तिची आठवण ठेवा.