बहिणीचं दूध

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत इसिलेली उभा होता, तेव्हा त्याची बहीण लुसिआने पेटीत निजून त्याच्याच विमानाच्या पोटात चढलेली होती. तिचं दूध मात्र त्याच्या हातातल्या, बर्फ भरलेल्या निळ्या पिशवीत होतं. अकरा बाटल्या, गोठवलेल्या, प्रत्येकीवर इस्पितळाची चिठ्ठी आणि लुसिआनेच्या अक्षरात तारीख.

तिच्या हृदयाची झडप खराब होती. दोन महिन्यांची मुलगी लोसे टोंगा बेटावर आजीकडे ठेवून ती ऑपरेशनला इकडे आली आणि पाच आठवडे नंबराची वाट बघत दूध काढून साठवत राहिली. पोरीचा बाप ती पोटात असतानाच परागंदा झालेला. आजारी बाईला येऊन येऊन किती दूध येणार? घरी जाताना नेईन म्हणाली, आणि ऑपरेशनच्या टेबलावरून उठलीच नाही.

दुधाचं हे सगळं इसिलेलीला नर्सने सांगितलं. टोंगात भाऊ-बहीण मोठे झाले की एका खोलीत बसत नाहीत, अंगाबिंगाचं तर एकमेकांसमोर अक्षर काढत नाहीत. बहिणीचा मान मोठा. गोदामातलं काम सुटलं की तो रोज इस्पितळात यायचा आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून परत जायचा. कशी आहेस, एवढं दोन शब्दांचं विचारणं, तेही त्याने नर्सच्या तोंडून केलं. आता त्याला या सगळ्याची भयंकर चीड येत होती, पण काढणार कुणावर? रीत त्याला स्वतःलाच प्यारी होती.

कमरेला त्याने मोठी, जुनी, कडा उसवलेली चटई बांधली होती. बहिणीच्या मयताला भावाने तशीच बांधायची असते. मागे वासिती मावशी होती, आईची चुलत बहीण. कुणाच्या घरी काय शिजतंय ते चुलीच्या आधी हिला कळायचं.

"मघापासून पिशवी छातीशी धरलीयस," ती म्हणाली. "सोनं आहे काय आत?"

"खाणं आहे, मावशी."

"मग काढ की थोडं. सकाळपासून चहावर आहे मी."

"लोसेचं आहे."

"बरं, राहू दे मग."

पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. तपासणीवाल्या तरुण बाईने ती बाजूला घेतली.

"भाऊ, तुमची का ही? काय आहे यात?"

"दूध. बाळाचं."

"आणि बाळ?"

"घरी आहे. टोंगात."

"मग अवघड आहे हो. बाळ सोबत नसताना एवढं नेता येत नाही. तुमचा हा बर्फही अर्धा वितळलाय, म्हणजे पाणीच झालं, तो तर मुळीच नाही." तिने एक बाटली वर धरली. "अंगावरचं आहे का हे?"

इसिलेलीने मान खाली घातली. मागे मावशी, मावशीच्या मागे मयताला निघालेली गावची पंधरा-वीस माणसं, सगळी कान देऊन उभी.

"लाजताय कशाला? आम्ही रोज बघतो," ती मायेने म्हणाली. "बायकोचं ना? नवरा असाल तर मी साहेबांशी बोलून बघते."

बिचारीने वाट काढून दिली होती. नुसती मान हलवायची होती. पण मान हलवणं म्हणजे लुसिआनेला बायको म्हणणं, आणि तेही आपल्याच गावकऱ्यांदेखत. चांगल्या मनाची माणसं कधीकधी असा खड्डा खणून ठेवतात, की शत्रूलाही जमू नये. तिच्या पायाशी कचऱ्याचं पिंप होतं. त्यात अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, शांपू, कुणाचं तरी लोणचं. इसिलेली त्या पिंपाकडे बघत राहिला.

"बहिणीचं," तो म्हणाला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग त्याने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या बहिणीचं दूध आहे. लुसिआनेचं."

वासिती मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग त्या कुठायत? त्यांनाच बोलवा ना."

"येतेय ती सोबत. खाली आहे. पेटीत."

त्याने पेटीचा कागद पुढे केला. बाईने कागदावरचं नाव वाचलं, बाटलीवरचं वाचलं, परत कागदावरचं वाचलं.

"आणि तुम्ही बाळाचे कोण?" तिने हळू विचारलं.

इंग्रजीत अंकल म्हणून मोकळं होता आलं असतं, पण अंकल काय, शेजारचाही असतो. टोंगात आईच्या भावाला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ होतो पुरुष-आई.

"आई," इसिलेली म्हणाला. "आमच्यात आईच्या भावालाही आईच म्हणतात. आता तिला आई म्हणून मी एवढाच उरलोय."

माय मरो, मावशी जगो, असं आपण म्हणतो. मामाचं नाव कुणी घेत नाही.

बाई पिशवी घेऊन साहेबांकडे गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "दूध न्या," ती म्हणाली. "बर्फ इथंच राहील. आणि भाऊ, वितळलं की एका दिवसात संपवा. परत गोठवू नका."

म्हणजे पाच आठवड्यांचं दूध एका दिवसाचं झालं. मावशीने अंगावरची काळी शाल काढली आणि पिशवीभोवती घट्ट गुंडाळली.

घरी पेटी मधल्या खोलीत ठेवली, भोवती बायका बसल्या. भावाची जागा बाहेर, पुरुषांबरोबर, मयताचं जेवण शिजतं त्या चुलीच्या खड्ड्यापाशी. इसिलेलीने दारातूनच पिशवी आत दिली आणि तो वळला.

"कुठं निघालास?" वासिती मावशी म्हणाली. "तिकडे चारचौघांत आई म्हणवून घेतलंस ना? मग पोरीला पाजायचं कुणी, मी?"

वयाच्या दहाव्या वर्षानंतर पहिल्यांदा तो बहिणीसोबत एका खोलीत बसला. लोसेला मांडीवर घेतलं, कोमट केलेली बाटली तिच्या तोंडाला लावली. ती डोळे मिटून प्यायली. पेटीकडे बघायचं धाडस त्याला तिसऱ्या बाटलीला झालं. मग तो बहिणीशी बोलला, मनातल्या मनात, इतक्या वर्षांचं सगळं.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळेला अकरावी बाटली संपली. लोसे रिकामी बाटली सोडेना. ओढत राहिली, आणि काही येईना म्हटल्यावर रडायला लागली. आजीने डब्यातलं दूध कालवून आणलं. महिनाभर तेच पिणाऱ्या पोरीने आज त्याची चव लागताच तोंड फिरवलं.

"पी गं बाई," इसिलेली म्हणाला. "आता हेच आहे."

बऱ्याच वेळाने ती प्यायला लागली, त्याचं बोट मुठीत धरून. तेवढ्यात माणसं पेटी उचलायला आत आली. त्याला उठता आलं नाही. बहिणीला खांदा द्यायचा तेवढा राहून गेला.