आठवी सही

फोरमननं टोपण काढून पेन उस्तादच्या हातात दिलं आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. बोट दोनदा रेघ चुकलं. सकाळपासून सात जणांपुढं हेच बोट ठेवलं होतं, तेव्हा कसं खुंटीसारखं ठाम होतं.

"सांगा त्यांना," ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या. "स्वतःहून राजीनामा दिला की रेकॉर्ड स्वच्छ राहतं. उगाच काढून टाकल्याचा डाग कशाला?"

डाग वगैरे सगळं थोतांड. कंपनीला आठ माणसं कमी करायची होती. काढलं असतं तर नोटीस, भरपाई, सगळं अंगावर आलं असतं. माणूस आपल्या पायानं गेला की कंपनी हात झटकून मोकळी. हे मॅडमना ठाऊक, फोरमनलाही ठाऊक. आठही सह्या दुपारच्या भोंग्याआधी मिळवल्या, तर यादीतल्या नवव्या नावावर काट मारायची ठरली होती. नववं नाव फोरमनचं.

उस्तादला ऐकू यायचं नाही. बत्तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात काढलेला माणूस; त्याच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. प्रेस खात्यात तसंही तोंडानं बोलतंय कोण? पत्रा संपला, साहेब आला, चहा आला, सगळं हातानंच सांगायचं. ती हातांची बोली फोरमनला उस्तादनंच शिकवलेली, टपल्या मारमारून. म्हणून तर मॅडमनी आज त्याला मध्ये बसवलं होतं.

फोरमननं खुणा केल्या. कागद. सही. काळजी नको.

उस्ताद हसला. "अरे, मग एवढं तोंड पाडून काय सांगतोस? बायको माहेरी गेली का?" बहिऱ्या माणसाचा आवाज, खणखणीत. मॅडम दचकल्या. "तू म्हणतोस तर करतो. तू काय माझा गळा कापणार आहेस?"

आणि चष्मा न लावताच त्यानं पेन कागदाला टेकवलं.

फोरमनचा उजवा हात आपसूक वर गेला. तळवा उभा, मग झटक्यात मागं, छातीकडं. प्रेस खात्यात ही खूण एकाच वेळी करतात. वरून ठोकळा येतोय, हात काढ.

उस्तादचा हात तसाच मागं आला. दहाही बोटं शाबूत होती ती उगाच नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. "काय सांगितलंत तुम्ही?"

"तुम्ही म्हणालात तेच."

फोरमनच्या छातीवरचा दगड उतरला. जाईल नोकरी तर जाईल. तो उस्तादकडं बघून हसायला गेला.

उस्ताद हसला नाही. काचेपलीकडं बाकावर सात जण आपापल्या राजीनाम्याची नक्कल घेऊन बसले होते. उस्तादनं त्यांच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग फोरमनकडं.

"आणि त्यांना?" तो म्हणाला. "त्यांना नाही केलीस ही खूण?"

काच कसली अडवतेय त्या आवाजाला. बाकावरची तोंडं एकेक करून वळली. सगळ्यात शेवटी वळला तो फोरमनचा मेहुणा. सकाळी पहिली सही त्यानंच केली होती, दाजी सांगतायत म्हणजे बरोबरच असणार म्हणून.