ब्लागोवेस्तचा हात आणि निवळलेलं पाणी

आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात त्या हिवाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. जो तो पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढून बसलेला. टीव्हीवरच्या वैदूने पाणी भारावं म्हणून पडद्यासमोर बरण्या मांडून आमचं आधीच झालं होतं. आता हात ठेवून आजार बरे करणारा ब्लागोवेस्त साक्षात आला होता. रंगमंचावर काचेची नवी टाकी, तिच्यात तीन सोनेरी मासे, त्यातल्या एकाची शेपटी काळी, आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. पांढरा कोट घातलेल्या ब्लागोवेस्तने काचेवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी पाणी असं नितळ, की मागच्या पडद्याची शिवण दिसावी. बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या.

"जसं हे पाणी, तसंच तुमचं रक्त," तो म्हणाला. "यंत्रं रक्त ढवळतात. मी निवळवतो."

हे वाक्य रुम्यानाने उचललं. रुम्याना माझी मैत्रीण, आमच्याच शाळेत भूगोल शिकवायची. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा बसने जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन ती यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची. ते तिने बंद केलं. तिचा नवरा आसेन ब्लागोवेस्तने भारलेलं पाणी बाटल्या भरून आणू लागला.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. माझ्या वर्गात कितीतरी वर्षं माशांची टाकी आहे. तिला म्हटलं, "अगं, नव्या टाकीचं पाणी पांढरं होतंच. माशांच्या उरल्यासुरल्या खाण्यावर जंतू माजतात, मग आपोआप कमी होतात. पाणी निवळतं. हात ठेवा नाहीतर पाय ठेवा."

"तुला प्रत्येक गोष्टीत जंतूच दिसतात," ती हसून म्हणाली. तिचे घोटे तेव्हाच सुजलेले होते.

मग मी शाळेच्या खिडकीत दुसरी नवी टाकी मांडली. तिला कुणाचा हात लावू दिला नाही. पाणी पांढरं झालं, आणि निवळलं. मी चार माणसं बोलावून ते दाखवलं. बातमी ब्लागोवेस्तकडे गेली. तो भर सभेत गोड हसला.

"शाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, बाई. माझी शक्ती काय रस्ता ओलांडताना सिग्नलला थांबते?"

टाळ्या पडल्या. शहाण्याला उत्तर देता येतं, लबाडाला देता येत नाही, हे तेव्हा कळलं.

पण त्या टाळ्यांत माझी नजर माशांकडे गेली. नितळ पाण्यात ते गुदमरल्यासारखे वर येऊन तोंडं उघडत होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिन्ही टवटवीत, आणि ज्याची शेपटी काळी होती तो मासा नाहीच. त्याच्या जागी दुसराच, शेपटीसकट सोनेरी.

पुढच्या सभेला मी शाळेच्या प्रयोगशाळेतली पाणी तपासायच्या औषधाची एक बाटली आणि दोन नळ्या घेऊन गेले. एका नळीत माझ्या वर्गातल्या जुन्या टाकीचं पाणी, जरा पिवळट, शेवाळाच्या वासाचं. दुसऱ्या नळीत लोकांसमोर ब्लागोवेस्तच्या टाकीतलं पाणी घेतलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. माझं होतं तसंच राहिलं. त्याचं चहासारखं तपकिरी झालं.

"तपकिरी झालं म्हणजे पाण्यात विष आहे, अमोनिया," मी म्हटलं. "मासे अंगातून टाकतात ते. ते विष खाणारे जंतू वेगळे; नव्या टाकीच्या वाळूत ते नसतात, वाढायला आठवडे लागतात. तोवर मासे कमी ठेवायचे, खाणं चिमूटभर द्यायचं, थोडं थोडं पाणी बदलायचं. नाहीतर पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे मरतात. काळ्या शेपटीचा कुठे गेला, विचारा यांना."

टाकीची देखभाल करणारा ब्लागोवेस्तचा मेहुणा पडद्याकडे बघू लागला. आसेन पहिल्या रांगेत होता. त्याने उठून पडदा ओढला. मागे एक बादली होती. तिच्यात मेलेले मासे, काळ्या शेपटीचाही, आणि शेजारी पिशवीत जिवंत मासे, उद्यासाठी.

पुढच्या रांगेतले लोक बादलीत वाकून बघू लागले. ब्लागोवेस्त मात्र गप्प बसणारा नव्हता. "या माशांनी तुमचे आजार अंगावर घेतले," तो खालच्या आवाजात म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, मागच्या रांगांत बायकांनी छातीवर क्रूस काढले.

आसेनने काढला नाही. तो धावत घरी गेला. आम्ही रुम्यानाला शेजाऱ्याच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर चिडले नाहीत, हेच वाईट लक्षण होतं. रक्तात साठलेल्या विषाने पहाटे तिचं हृदय थांबलं. चेहऱ्यावरून ती तशी आजारीही दिसत नव्हती.

आमच्याकडे माणूस वारलं की त्याचा फोटो कागदावर छापून दारोदार चिकटवतात. भवनाच्या दारावर रुम्यानाचा कागद ब्लागोवेस्तच्या जाहिरातीशेजारीच लागला. ब्लागोवेस्त तोवर पुढच्या गावी गेला होता. तिथेही टाकी नवीच असणार.

तिच्या चाळिसाव्या दिवशी, मृताच्या नावाने वाटतात ते उकडलेले गहू आसेनने माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "बाई, पहिल्याच आठवड्यात तो पडदा ओढला असता, तर?"

त्याच्या समाधानासाठी काहीतरी गोड बोलावं असं सगळ्यांचे डोळे मला सांगत होते. मी म्हटलं, "वाचली असती, आसेन."

त्याने मान हलवली. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. पण तुम्ही, ज्यांचं माणूस अजून घरात आहे, एवढं करा. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी उठा आणि पडदा ओढा. जो ओढू देत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.