दोन सूत जास्त

मले भांडाले दार पाहिजे होतं. हसू नका, खरं सांगून राह्यली.

आमच्या धानोऱ्याकडच्या गावात घराले बांबूची ताटी राहे. कोंबडीनं ढकलली तरी उघडे. लग्न होऊन बल्लारपुरात आली, तर इथी लाकडं चिराच्या आरा मशीनच्या आवारात मजुरांच्या खोल्या आन् दाराच्या जागी पोत्याचा पडदा. पोचूशी, म्हंजे माझ्या नवऱ्याशी, आमच्या बुढ्याशी, भांडण झालं का मी तणतणत आत जाये आन् पडदा जोरात ओढे. आता पडदा कितीबी जोरात ओढा, आवाज होते का? वरून बुढा पडद्यातून मुंडकं घालून विचारे, "सोने, भात झाला का?" झालं! माझ्या रागाची पार माती करून टाके.

मंग मशीनच बंद पडली. आलापल्लीहून येणारे सागवानाचे ट्रक थांबले, मालक नागपूरले निघून गेला, आवार तसंच पडून राह्यलं. भुश्याचे ढीग, त्यात मुरलेलं तेल, गंजलेले पट्टे, आन् वरून साऱ्या गावानं आणून टाकलेला कचरा. पावसाळ्यात असा वास सुटे का घास घशाखाली उतरत नसे. तरी आमी तिथीच राहो. जाऊ कुठी?

शेवटी नगरपालिकेनं ते आवार घेतलं आन् आमच्यासाठी घरकुलं बांधाले काढली. कामावर इंजिनिअर होती दिव्या मॅडम. लहानशी पोरगी, पण भल्ली हुशार. ती म्हणे, "इथलं जे कामाला येईल, ते बाहेर फेकायचं नाही." भुसा उकरून उकरून खालची लाल माती लागली. चांगला भुसा विटाभट्टीवर गेला, तेलकट माती ट्रक भरून दूर नेली. घराच्या विटा आल्या त्या वीज केंद्रातल्या राखेच्या. माझी शेजारीण नसीमबाई वीट हातात घेऊन म्हणे, "अवं माय, राखेचं घर! शिंक आली तर उडून जाईन ना!" उडालं नाई. मशीनच्या खोल खड्ड्यात छतावरचं पाणी साठवाची टाकी झाली, आन् जिथी लाकडं उतरवत, त्या शेडीखाली बालवाडी आन् समाजभवन झालं.

राह्यली दारं. मशीनच्या मोठ्या शेडीचे वासे जुन्या सागवानाचे होते. मॅडम म्हणाली, याचीच दारं करा. नसीमबाईचे रहीमभाऊ वासे चिरून देणार आन् दारं करणार आमचा बुढा. मशीनीवरचा जुना मिस्त्री होता ना तो! मले तर आभाळ ठेंगणं झालं.

"माझ्या दाराले आतून कडी लावजा," मी रोज सांगे. "आन् आपटलं का टेसनावर ऐकू गेलं पाहिजे."

"दार करून राह्यलो का तोफ?" बुढा म्हणे.

चौकटी बसल्या, भिंती उभ्या झाल्या, दारं तयार झाली. पहिलं दार लावाले गेले तर ते चौकटीत जाईचना. दुसरं नेलं, तेबी नाई. एकबी दार बसेना, बाप्पा!

झालं असं का, बुढ्यानं जन्मभर ओलं सागवान कापलं. ओलं लाकूड सुकलं का आटते, म्हणून मशीनीवर सारे दोन सूत, म्हंजे पाव इंच, जास्त माप ठेवत. हात तसाच चालला. आता हे वासे शेडीवर वर्षानुवर्षं तापून हाडासारखे सुकले होते, ते आणखी काय आटतीन? पण कबूल करीन तो पोचू कसला!

"आटते," तो म्हणे. "लाकडाले घाई नाई करावी."

आन् सारी दारं उन्हात उभी करून ठेवली. आमच्याकडचा मे महिना कसा राह्यते, तुमाले मालूम हाय. माणसं आटली. मी आटली. विहीर आटली. दारं जशीच्या तशी.

रहीमभाऊ हळूच म्हणाले, "पोचूभाऊ, रंधा मारून टाकू. एका दिवसाचं काम हाय."

"माझ्या मापाले रंधा?" बुढा असा तापला का रहीमभाऊनं रंधा बाजूला ठेवला. पोट्टे दारांजवळून जाताना एकमेकाले विचारत, "आटलं का बे?" बुढा दगड घेऊन त्याइच्या मागं धावे.

मंग एक दिवस दिव्या मॅडम आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "सोनीबाई, दार लागत नसेल तर मी ताबा देऊ शकत नाही. येत्या सोमवारी आचारसंहिता लागतेय. त्याआधी झालं तर ठीक, नाहीतर निवडणूक संपेपर्यंत चाव्या कोणालाच नाहीत."

आमच्या जुन्या खोल्या तर पाडून टाकल्या होत्या. आमी सारे ताडपत्रीखाली. म्हंजे पावसाळा ताडपत्रीत काढाचा, आन् तोबी या माणसाच्या अकडीपायी! माझं डोकं असं सणकलं का विचारू नका. घर समोर उभं हाय, दार समोर उभं हाय, आन् मी बाहेर. रडूच आलं मले. मंग रडण्याचाबी राग आला.

मी रहीमभाऊचा रंधा उचलला, आमचं दार आडवं पाडलं आन् भर दुपारी घासाले बसली. नसीमबाई आली, तिनं दुसरं टोक धरलं. मंग शेजारच्या बाया आल्या. कोणी विळा आणला, कोणी पॉलिश पेपर. बुढा बाभळीखाली पाठ करून बसला होता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटली, "नसीमबाई, या मिस्त्रीची वाट पाहून माझे केस पिकले, पण दार काई आटलं नाई!"

त्यानं चोरून मागं पाह्यलं. आन् उठलाच ताडकन.

"अवं, अवं! उलट्या रेषेनं मारून राह्यली! सारं लाकूड सोलपटून ठेवशीन! दे इकडं!"

रंधा माझ्या हातातून हिसकला आन् असा मारला का ढलप्या लांबच लांब, वेटोळं होऊन पायाशी पडत गेल्या. काय हात होता माणसाचा! राग होता तरी पाहातच राह्यली मी. एक दार झालं, दुसरं घेतलं. रहीमभाऊ कधी समोर येऊन बसले ते त्यालेबी समजलं नाई. अंधार पडेपर्यंत सारी दारं चौकटीत बसली.

सोमवारच्या आधी चाव्या मिळाल्या. नव्या समाजभवनात गोडभात झाला, चहा झाला. गर्दीत बुढा छाती काढून मॅडमले सांगून राह्यला होता, "मॅडम, दोन सूत मी मुद्दाम जास्त ठेवले होते. दार कसं घट्ट बसते मंग!"

मुद्दाम! मी हातातला कप ठेवला, सरळ घरी गेली, आत शिरली आन् दार आपटलं. बाप्पा बाप्पा! काय आवाज झाला! राखेची भिंत थरथरली. बालवाडीवरची कबुतरं उडाली म्हणे. मी कडी लावली.

आत सारं शांत. पडदा नाई, मुंडकं नाई. भिंतीले टेकून बसली. जन्मात पहिल्यांदा मी आत होती आन् जग बाहेर होतं. राग कुठी गेला कोणास ठाऊक. एवढं बरं वाटत होतं का डोळे भरून आले.

मंग टकटक झालं. हळूच.

या माणसानं आजवर कधी विचारून पाय ठेवला नव्हता.

"सोने, आत येऊ का?"

"कोण हाय?"

"मी. पोचू."

"कोणता पोचू?"

बाहेर चपला सरकल्या. मले वाटलं, गेला. मंग दाराजवळ तोंड आणून, शेजारी ऐकतीन म्हणून हळूच बोलला, "तोच. चुकून दोन सूत जास्त ठेवणारा."

मी आणखी थोडी बसून राह्यली. मंग उठून कडी काढली.