आपल्या शब्दांत सांगा

लॉन्ड्रीच्या वरची खोली, एक टेबल आणि तीन खुर्च्या. वकीलबाईंच्या पंधरा वर्षांच्या वकिलीचा पसारा एवढाच. पण नियम पक्का. कागदात काय आहे ते अशिलानं आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय सहीला पेन मिळायचं नाही.

"बाई, द्या की पेन, बस चुकेल!"

"दुसरी येईल. काय कळलं ते सांगा बघू."

हा नियम वडिलांनी शिकवला, तोही नकळत. बाई नऊ वर्षांच्या असताना आई, वडील आणि त्या अशी तिघं या देशाच्या बंदरावर उतरली. सामानाची पावती समजून वडिलांनी एका कागदावर सही केली. ती निघाली 'स्वखुशीनं परत जातो' अशी कबुली! त्यांना परत धाडलं, ते गेले ते गेलेच. आईनं दुसऱ्यांचे कपडे शिवून लेकीला वकील केलं. जुन्या अशिलांनी दारोदार मतं मागून तिला खासदार केलं. देव देतो तो असा, माणसांच्या हातांनी.

आज संसदेत तसल्याच कागदाला कायद्याचं बळ देणारं कलम नऊ होतं: देशात नवख्या आलेल्यानं एकदा सही केली की दाद नाही, फिर्याद नाही. बाईंची दुरुस्ती एका ओळीची होती. त्याच्या भाषेत समजावलं नसेल, तर सही रद्द. बोलायला तीन मिनिटं. वर प्रेक्षकांत आई.

"न्यायमूर्ती महाराज," बाई सवयीनं म्हणाल्या आणि सभागृह खो खो हसलं.

"माफ करा, अध्यक्ष महोदय. जुनी खोड. निकाल मात्र इथूनही घेऊनच जाईन!" आता विरोधकांनीही बाकं वाजवली. "मंत्रीसाहेब, कलम नऊ तुमच्यापुढे आहे. आपल्या शब्दांत सांगा."

मंत्री उठले. "म्हणजे... सदर व्यक्तीने, उपरोक्त बाबतीत..." त्यांनी चष्मा पुसला. सचिवांकडे पाहिलं. सचिव छताकडे पाहू लागले.

"साहेब, तुमचंच कलम तुम्हाला सांगता येईना. बोटीतून आत्ता उतरलेल्या माणसानं काय करावं?"

मंत्री मोकळं हसले, दिलदार माणूस. "हरलो, बाई. दुरुस्ती मान्य."

मतदान झालं. दुरुस्ती मंजूर. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

बाहेर जिन्याशी आई उभी होती. "सगळे टाळ्या कसल्या वाजवत होते गं?"

बाईंनी घरच्या भाषेत सगळं समजावलं आणि त्या निघायला वळल्या. आईनं मनगट धरलं.

"थांब. आता मी सांगते, बरोबर का बघ. यापुढे कुणाच्या बापाला असं फसवून परत धाडता येणार नाही."

"बरोबर, आई," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर."