घरच्या गाडीला कागद नसतो

गाडी थरथरते म्हणून कोणाचा फोन आला की हातातलं काम न सोडता निदान करायचं, ही माझी जुनी मिजास. थरथर स्टेअरिंगमध्ये जाणवते तर पुढची चाकं, सीटखाली जाणवते तर मागची. ब्रेक दाबल्यावरच होते तर डिस्क. ऐंशीच्या आसपास सुरू होते तर बॅलन्सिंग. गॅरेजमधले लोक मला डॉक्टर म्हणतात, अर्धं चेष्टेनं, पण म्हणतात. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

या सगळ्याच्या आधी मात्र एक प्रश्न असतो. चाक शेवटचं कधी काढलं होतं, आणि कोणी? कामाला नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवतो. चाक नुकतंच काढलेलं असेल आणि गाडी थरथरत असेल, तर बाकीचं शहाणपण गुंडाळून ठेवायचं. गाडी आहे तिथं थांबवायला सांगायची आणि आधी नट बघायला लावायचे.

सोमवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा पडलो होतो.

"अरे, गाडी फार थरथरतेय. स्टेअरिंग हातात ठरत नाही."

"किती स्पीडला?"

"आधी साठला होत होतं. आता पन्नासलाही होतंय."

"ब्रेक मारल्यावर, का नुसतीच?"

"नुसतीच. यांना ऑफिसला सोडायचंय, आधीच उशीर झालाय."

शेजारून भाऊजींचा आवाज आला. "डॉक्टरांना म्हणावं, औषध लिहून द्या, वाटेत घेतो."

मी हसलो. "बॅलन्सिंग गेलंय, दुसरं काही नाही. चाळीसच्या वर जाऊ नकोस. संध्याकाळी आण, बघतो."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि गाडी पुढे काढली. एखाद्या परक्या मेकॅनिकला फोन केला असता तर त्यानं तो पहिला प्रश्न नक्की विचारला असता. मी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर मीच होतो. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मीच बदलले होते. मी काढलेल्या चाकाबद्दल मला शंका यावी, एवढी अक्कल मला नव्हती.

गिऱ्हाइकाच्या गाडीला आमच्याकडे स्टेअरिंगला कागद बांधतात. चाक बसवताना नट आधी नुसते हातानं फिरवायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची, मग मोठ्या पान्यानं एकेक नट आवळायचा आणि कागदावर सही करायची. सही नसेल तर किल्ली द्यायची नाही. घरच्या गाडीला कागद नसतो. बहिणीच्या गाडीला कोण कागद बांधत बसणार? त्या दुपारी एका बाजूचं चाक नीट झालं. दुसऱ्याचे नट हातानं फिरवले आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याची गाडी थरथरत होती. एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं मी जॅक खाली केला आणि किल्ली ताईला दिली. त्या गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारला होता, हे मला चांगलं आठवतं.

शनिवारी ती दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरी गेली, रविवारी गाडी जागची हलली नाही. सोमवारी पुलाच्या उतारावर चाक निघालं. गाडी भाऊजींच्या बाजूनं कठड्यावर आदळली. ताईचं मनगट मोडलं. भाऊजी जागीच गेले.

हॉस्पिटलमध्ये मी तिच्या पलंगाशी उभा राहिलो. "ताई, ते नट..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी तिथंच उभी होते. तू फोनवर होतास."

तिनं प्लॅस्टरमधला हात पोटाशी ओढून घेतला.

"पोलिसांना सांगितलंय मी, रविवारी पंक्चर झालं होतं, यांनी चाक बदललं. नवरा गेला. आता भाऊ पण तुरुंगात जाऊ देऊ? गप्प बस, आणि गप्पच राहा."

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. रडू त्यानंतर आलं.

तीन आठवड्यांनी ताईचे सासरे गॅरेजमध्ये आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मी खुर्ची पुसून दिली. ते बसले, पण चहा नको म्हणाले.

"तू या धंद्यातला, म्हणून तुला विचारतो. सूनबाई म्हणते, चाक आमच्या मुलानं बसवलं. त्यानं नट सैल ठेवले असतील?"

मी पान्यावरचं ग्रीस पुसत राहिलो.

"लहानपणी माझ्या टेबलाशी बसायचा रे. एवढासा स्क्रू लावला तरी परत एकदा पिळून बघायचा. मीच लावलेली सवय. आणि पोलीस म्हणतात, हलगर्जीपणा. माझ्या घशाखाली उतरत नाही तो शब्द. असं होणारच नाही, एवढं तू म्हण. मी आत्ता जाऊन त्यांना सांगतो, पुन्हा तपास करा."

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. ताईचा शब्द आठवला, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ताई निमित्ताला होती. माझी पाचावर धारण बसली होती.

"होतं असं, काका," मी म्हणालो. "घाईत भल्याभल्यांच्या हातून होतं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मग माझंच शिकवणं कमी पडलं."

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तर तिला हळू चालव म्हणाला होतास."

फाटकापर्यंत ते सावकाश चालत गेले. मी त्यांना हाक मारली नाही.